सतराव्या पानावरचा उंचवटा

प्रोफेसर कटरनं सतरावं पान कापत होता आणि त्याची ताई शेजारी उभी राहून घड्याळ बघत होती. सव्वातीन झालेले. पाचला कॉलेजचं ऑफिस बंद. त्याआधी प्रोजेक्टच्या चार प्रती जमा झाल्या नाहीत, तर ताईचं अख्खं वर्ष पाण्यात.

"वाकडं कापतोयस तू."

"कटर बोथट आहे."

"कटर नाही, तू बोथट आहेस."

ताईचं खरंच होतं. नववीत शाळेला रामराम ठोकला, म्हणून तर गल्लीनं त्याला प्रोफेसर केलं होतं. तेव्हापासून तो झेरॉक्सच्या दुकानात कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट बांधायचा. दोनेकशे प्रोजेक्ट हाताखालून गेले आणि गडी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झाला. फिजिक्समधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण चांगला आलेख कसा दिसतो हे मात्र पक्कं माहीत होतं. म्हणजे असं त्याला वाटायचं. ठसठशीत, रंगीत आणि गुळगुळीत.

ताईचा आलेख गुळगुळीत नव्हता. धातूची एक पट्टी वेगवेगळ्या वेगानं हलवायची आणि ती किती थरथरते ते मोजायचं, असं तिनं तीन महिने केलं होतं. त्या ठिपक्यांची रेघ तिनं एका फुकटच्या वेबसाइटवर काढली होती. मधे मोठा डोंगर, त्याला चिकटून फोडासारखा बारका उंचवटा.

"हे असलं जमा करणार तू?" प्रोफेसरनं आदल्या दिवशी विचारलं होतं. "बाकीची पोरं विकतच्या सॉफ्टवेअरवर करतात. काय झकास दिसतं!"

"फुकट ते पौष्टिक. गणित दोन्हीकडे तेच असतं रे."

पण आपल्या ताईचं पान बाकीच्या पोरांच्या पानांपुढे फिकं पडणार, हे काही प्रोफेसरला पचेना. ती घरी गेल्यावर त्यानं विकतचं सॉफ्टवेअर तीस दिवसांच्या चाचणीवर उतरवलं. म्हणजे तेही फुकटच, पण रुबाब विकतचा. आकडे भरले. एक बटण दिसलं, रेघ मऊ करायचं. दाबलं. फोड थोडा बसला. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबल्यावर डोंगर असा तुळतुळीत झाला की प्रोफेसर स्वतःच्याच प्रेमात पडला. ताईच्या फाइलमधलं जुनं पान काढून त्यानं हे टाकलं, चारी प्रती छापल्या, कापडी पाठीचं पक्कं बाइंडिंग केलं आणि शाबासकीची वाट बघत बसला.

दुपारी ताई आली. सतरावं पान उघडलं आणि त्यावर बोट आपटलं.

"उंचवटा कुठाय?"

"काढला. डाग होता ना तो."

"अरे गाढवा, तोच माझा प्रोजेक्ट होता! पट्टीत आतून तडा आहे, डोळ्यांना दिसत नाही, तो त्या उंचवट्यावरून कळतो. आणि हे आडवं काय छापलंय?"

पानभर तिरक्या फिकट अक्षरांत 'चाचणी आवृत्ती' असं उमटलेलं. स्क्रीनवर नव्हतं ते. छापताना आलं होतं, आणि नजर डोंगरावर असल्यानं प्रोफेसरला दिसलं नव्हतं. उंटावरचा शहाणा खाली पडला तो असा.

ताईनं दुकानाच्या कॉम्प्युटरवर ती फुकटची वेबसाइट उघडली. तिचा आलेख तिथे जसाच्या तसा होता, फोडासकट. छापायला दोन मिनिटं लागली. पण पक्कं बाइंडिंग उसवायला आणि पुन्हा वाळायला वेळ नव्हता. मग प्रोफेसरनं त्याला खरोखर येत होतं तेवढंच केलं. पाठीजवळ अर्ध्या बोटाची कागदी पट्टी ठेवून जुनं पान कापलं, पट्टीला डिंकाचा बारीक हात दिला, नवं पान बसवलं, वर जाडजूड पुस्तकं ठेवली. असं चारदा. कापलेली पानं त्यानं बोळा करून टोपलीत फेकली. खुनाचा पुरावाच तो!

पाचला दहा कमी असताना ताई ऑफिसात पोचली. महिन्याभरानं पास झाली, तीही चांगल्या मार्कांनी. प्रोफेसर गल्लीभर सांगत सुटला, "प्रोजेक्ट मी बांधला होता." काय बांधलं होतं ते नाही सांगितलं.

सात-आठ महिन्यांनी ताईच्या कॉलेजच्या लॅबमधले शिपाई मामा रजिस्टर बांधून घ्यायला आले.

"तुझा आलेख आहे हां अजून आमच्या भिंतीवर."

"माझा?"

मामांनी सांगितलं ते असं. तोंडी परीक्षेला बाहेरच्या सरांनी ताईला पेचात धरलं, "हा बारका उंचवटा म्हणजे मोजमापातली चूक कशावरून नाही? पुसून का नाही टाकला?" ताईनं पिशवीतून एक चुरगळलेलं पान काढून सरांपुढे सपाट केलं. "पुसला की असं होतं सर. देखणं दिसतं, पण तडा सापडत नाही." सर हसले, आणि नव्या पोरांना दाखवायला पान ठेवून घेतलं.

मामा ते खिळ्याला अडकवायला निघाले, तेव्हा ती म्हणाली होती, "खिळ्यानं फाटेल मामा, चिकटपट्टीनं लावा. माझ्या भावानं केलंय."