रिमाइंडर पाठवणाऱ्यांची मुदत

"मेल कोण बघतं तुमच्याकडे?" मी विचारलं.

समोर हॉटेलवाले बबनशेठ बसले होते. माथेरानहून, गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरीपर्यंत पायी आणि पुढे टॅक्सीने ते आमच्या कर्जतच्या ऑफिसात आले होते. त्यांच्या हॉटेलच्या वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, त्याची मुदत संपून महिना झाला होता. मुदतीचे मेल वेबसाइट करून देणाऱ्याच्या पत्त्यावर जात होते. तो तर केव्हाच ते काम सोडून साजगावला कारखान्यात लागला होता.

आधी आमचा धंदा सांगते. डोमेन विकणाऱ्या दुकानदाराला रजिस्ट्रार म्हणतात. आम्ही दुकानदार नाही, आम्ही दुकानदारांना दुकान चालवून देतो. नावं विकायचं सॉफ्टवेअर आमचं, मुदत संपत आल्याचे रिमाइंडर आमचे, आणि कस्टमर केअरचा फोन उचलणारी माणसंही आमचीच. गिऱ्हाईक फोन लावतं पुण्याच्या दुकानदाराला, वाजतो तो कर्जतला. तीन फोन करून कंटाळलेल्या बबनशेठनी चौथ्या फोनला आमच्या मृणालकडून ऑफिसचा पत्ताच काढून घेतला होता.

संपलेलं नाव लगेच जात नाही. महिनाभर ते जुन्या मालकासाठी राखून ठेवतात. बबनशेठची ती मुदत त्याच दिवशी दुपारी दोनला संपत होती. नंतर ते नाव कोणीही उचलू शकलं असतं. खालापूरकडच्या एका मंगल कार्यालयाचं असंच गेलं, आता त्या नावावर रमीचा जुगार चालतो. हे मी त्यांना सांगितलं. सांगायला नको होतं.

"म्याडम, हॉटेलला नाव माज्या आयचं हाय," ते म्हणाले. "तिच्या नावावर जुगार?"

मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटलं की मी जरा जास्तच बोलते. पाच मेल गेले होते, ते कुठे जातात एवढं तरी बघायचं, स्वतःच्या नावाची काळजी स्वतःला नको का, असं बरंच काही सुनावलं. मग त्यांचं नाव सोडवायला आमच्या सॉफ्टवेअरचं पॅनेल उघडायला गेले, तर उघडेना.

नेट गेलं असेल म्हटलं. नेट होतं. शेजारच्या टेबलावरून मृणाल म्हणाली की सगळ्याच रजिस्ट्रारांचं पॅनेल बंद आहे. दहा मिनिटांनी कारण सापडलं. आमच्या कंपनीच्या स्वतःच्या डोमेनची मुदत संपली होती.

रिमाइंडर गेले होते, पाचही, अगदी वेळेवर. आमचं सॉफ्टवेअर उत्तम आहे. फक्त टेस्टिंग करताना हेच मेल आम्हाला रोज ढिगाने येतात, म्हणून ऑफिसातल्या प्रत्येकाने फिल्टर लावून ठेवलाय: मुदतीचा मेल दिसला की थेट कचऱ्यात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी तो फिल्टर मीच लावून देते.

पुढे आणखी गंमत. आमचं नाव ज्या पुण्याच्या रजिस्ट्रारकडे होतं, त्यांचं पॅनेलही आमच्याच नावावर चालतं. आमचे मालक प्रभुणे सर म्हणाले, सरळ त्यांच्या कस्टमर केअरला फोन लावतो. लावला. मृणालच्या टेबलावरचा फोन वाजला. तिने सवयीने उचलला आणि मी आपली काय मदत करू शकते, असं सरांना विचारलं. सर तिच्यापासून चार हातांवर उभे होते.

रजिस्ट्रारच्या मालकांचा, जोशींचा, नंबर करारावर होता. करार पॅनेलमध्ये होता.

बबनशेठ हे सगळं शांतपणे बघत होते. "जोशीसायेब का, पुण्याचे?" ते म्हणाले. "माज्याकडं हाय की नंबर. दर मे मयन्यात आमच्याकडं उतरतात. त्यांनीच तर ह्ये नाव त्यांच्याकडनं घ्याया लावलं."

फोन लागला. स्पीकरवर ठेवून दोन्ही नावांचं सांगितलं. सगळ्या नावांची मूळ नोंद जिथे असते, त्या रजिस्ट्रीत जोशींना थेट जाता येत होतं. पण ते भाचीच्या साखरपुड्याला निघाले होते, गाडी दारात उभी होती.

"एकाचं आत्ता करतो, दुसऱ्याचं संध्याकाळी," ते म्हणाले. "कोणाचं करू?"

"आमचं," सर म्हणाले.

त्यांचं काही चूक नव्हतं. इतक्या जणांची दुकानं आमच्यामुळे बंद होती. पण आमचं नाव पुन्हा चालू होऊन पॅनेलवरून हॉटेलचं सोडवायला दोन-तीन तास लागले असते, आणि सव्वा वाजला होता.  बबनशेठ नुसते घड्याळाकडे बघत राहिले.

"हॉटेलचं करा," मी म्हणाले. "आमच्याकडे अजून महिना आहे. त्यांच्याकडे पाऊण तास."

सरांनी माझ्याकडे कसं बघितलं ते लिहीत नाही. जोशी बरं म्हणाले. पावणेदोनला आईचं नाव परत आलं. बबनशेठनी मोबाइलवर ते दोनदा उघडून बघितलं आणि मोबाइल कपाळाला लावला. मला रडू आलं, ते मी खोकून घालवलं.

आमचं पॅनेल संध्याकाळी उशिरा सुरू झालं. एक रजिस्ट्रार आम्हाला सोडून गेला. सर पंधरा दिवस माझ्याशी फक्त मेलवर बोलत होते.

आता मात्र नवा क्लायंट आला की सर हा किस्सा हमखास सांगतात. स्वतःचं नाव बंद असताना आम्ही आधी गिऱ्हाइकाचं वाचवलं, असं म्हणतात. आमचं बंद का पडलं आणि 'हॉटेलचं करा' कोण म्हणालं, एवढं गाळतात. मी चहा ढवळत ऐकते.

मी यातून एवढंच शिकले की अडचणीला लागणारा नंबर कागदावर लिहून भिंतीला चिकटवावा. सिस्टीममध्ये ठेवू नये, त्यातून ती सिस्टीम आपण बनवलेली असेल तर मुळीच नाही.