पोथी समजून ऐकलेली कादंबरी : जळगाव ते धुळे

धुळ्याला जायचं ठरलं ते अक्काच्या पोस्टकार्डामुळे. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन धुळ्याच्या गिरणीचाळीत गेलेली, आणि तेव्हा सातवा महिना लागलेली. कार्डावर चारच ओळी होत्या. ‘शालू, तुमच्या वाचनालयातली ती गिरणीची कादंबरी घेऊन लगेच ये. आमच्या प्रतीची शेवटची पानं नाहीत. पोथी अर्धी राहिली आहे. लोक अडून बसलेत.’

साल सत्तावन्न, थंडीचे दिवस. मी जळगावच्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करत होते. ती कादंबरी मी दोनदा वाचली होती. तिचं नाव इथे सांगत नाही, कारण मग तुम्ही ती शोधत बसाल आणि माझा प्रवास राहील बाजूला. कापडगिरणीचं गाव, धूर, भोंगा, संप आणि केरू नावाचा विणकर, एवढं पुरे.

धुळ्याची गिरणी दीड महिना बंद होती. एका विणकराने दोनऐवजी चार माग चालवावेत असं मालकांचं म्हणणं होतं आणि माणसं ते ऐकत नव्हती. अक्काचे यजमान, आमचे भाऊजी, चाळीत सर्वांत जास्त शिकलेले आणि म्हणून संपाचे पुढारीही. रिकामी माणसं भांडत बसतात म्हणून त्यांनी रोज दुपारी लिंबाखाली कादंबरी वाचायला घेतली. ऐकणाऱ्यांनी तिची पोथी करून टाकली. खाली लाल फडकं, पुस्तकाला हळदकुंकू, रोज एक अध्याय. आणि आपल्याकडे पोथी एकदा लावली की अर्धी सोडत नाहीत, घरावर अरिष्ट येतं म्हणतात.

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला सकाळच्या एसटीत बसवलं. एकटी तरुण मुलगी म्हणून कंडक्टरला तीनदा बजावलं. चौथ्यांदा तो म्हणाला, “नाना, आता तुम्हीच बठा गाडीमा!” तिकीट किती होतं ते विचारू नका, नानांनीच काढलं. रेल्वेने चाळीसगावला गाडी बदलूनही जाता येतं, पण मला संध्याकाळच्या आत पोचायचं होतं. आज जाणार असाल तर रस्ता मोठा झालाय, दोन तासांत धुळं. तेव्हा आमची गाडी गिरणा ओलांडून एरंडोलपर्यंत गेली आणि पुढे धापा टाकू लागली. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, मधे केळीच्या बागा, आणि मी मांडीवरच्या पिशवीतलं पुस्तक दर मैलाला चाचपून बघत होते.

पारोळ्याला टायर बसलं. हॉटेलातल्या बाकावर मी आईने दिलेली कळण्याची भाकरी आणि भरीत सोडलं. (पारोळ्याला थांबलात तर शेवभाजी खा, पाणी आधी मागून ठेवा.) शेजारी दोघे कापसाचे दलाल चहा पीत होते.

“धुळानी गिरणी उद्या उघडस म्हणे,” एक म्हणाला.

“हो. जो पहिले दारशी जाई त्याले कामवर ठेवतीन. बाकीनासले टाटा!”

“मंग संप मोडना समज.”

“मोडना म्हंजे! आनि पुढारी बठ्ठा घर बसतीन.”

मी भाकरी फडक्यात गुंडाळली. बठ्ठा म्हणजे सगळे, आणि पुढारी म्हणजे आमचे भाऊजी. संप मोडला तर पहिलं नाव त्यांचंच कटणार, आणि अक्काच्या पोटात सात महिन्यांचं बाळ. त्याहून वाईट म्हणजे, कादंबरीचा शेवट मला पाठ होता. शेवटच्या अध्यायात गावातली माणसं पहाटे डोक्यावरून घोंगड्या ओढून, शेजाऱ्याला ओळखू येऊ नये म्हणून, एकेक करून गिरणीच्या दाराशी जातात. केरू एकटा उरतो. मग तोही जातो. असला अध्याय मी गिरणी उघडायच्या आदल्या दिवशी घेऊन चालले होते. पुस्तक पारोळ्यात विसरावं असा विचार मनात आला, खोटं कशाला बोलू.

पांझरेचा पूल दिसला तेव्हा तीन वाजून गेले होते. स्टँडवर भाऊजी उभे, नानांची तार पोचली होती. गाल बसलेले, दाढी वाढलेली. त्यांनी पिशवी घेतली आणि चाळीकडे न जाता मला रसवंतीच्या मांडवाआड नेलं.

“शालू, शेवट वाचलायस?”

“वाचलाय. म्हणूनच भीती वाटतेय.”

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेली पानं काढली. आठ पानं होती. “मीच फाडली. वाटलं, पानंच नाहीत म्हटल्यावर सोडून देतील. पण तुळशीराम आबा म्हणतात, पोथी पुरी झाल्याशिवाय उद्याचा निर्णय घ्यायचा नाही. आणि तुझ्या बहिणीने मला न विचारता कार्ड टाकलं.”

“मग मी काय करू?”

“वाच. पण शेवट बदलून वाच. केरू दारात उभा राहतो, सगळे त्याच्यामागे येतात, मालक नमतो. मी वाचलं तर माझ्या तोंडावर दिसेल. तू परकी आहेस, तुझ्यावर विश्वास ठेवतील.”

मी हो म्हटलं. बहिणीच्या संसारापुढे कादंबरीकाराची काय मातब्बरी!

लिंबाखाली शंभरेक माणसं बसली होती. बायका ओट्यांवर. अक्का मात्र घरात होती, कारण समाप्तीच्या प्रसादाचा शिरा तिच्याकडे होता. समोर तुळशीराम आबा, चाळीस वर्षं मागावर काढलेले, पुढचे दात पडलेले. आडवं सूत नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून सूत ओठांनी ओढून ओढून जुन्या विणकरांचे दात जातात, असं भाऊजी सांगत.

मी वाचू लागले. पहाट, धुकं, घोंगड्या. केरू दाराशी पोचला तसं मी पानावरून नजर काढली आणि माझं स्वतःचं वाक्य सुरू केलं, “तेवढ्यात केरूने मागे वळून पाहिलं, तर सारं गाव...”

आबांनी हात वर केला.

“थांब, बेटा. तुन्हा आवाज बदलना.”

मी पदर तोंडाशी धरला. “नाही आबा, ठसका लागला.”

“चाळीस वरीस मागवर उभा ऱ्हायनू मी. धागा तुटना का मागना आवाज बदलस. आठे धागा तुटना शे.” त्यांचा आवाज चढला नाही. “जे लिखेल शे ते वाच.”

मी भाऊजींकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. मला माझी इतकी लाज कधीच वाटली नव्हती. मी एक पान मागे गेले आणि जे छापलं होतं ते अक्षर न अक्षर वाचलं. केरू आत गेला, माग सुरू झाला, पुस्तक संपलं.

मग भाऊजी उठले, खिशातली पानं काढून लाल फडक्यावर ठेवली. “आबा, पोथी मी फाडली. शालूला खोटं वाचायला मीच सांगितलं.”

दोघे तरुण त्यांच्या अंगावर धावले. आबांनी त्यांना खाली बसवलं आणि मला विचारलं, “फळ काय सांगेल शे?”

प्रत्येक पोथीच्या शेवटी फलश्रुती असते, ऐकणाऱ्याला काय मिळेल ते सांगणारी. कादंबरीत ती कुठून येणार? मी म्हटलं, “आबा, यात फळ नाही दिलेलं.”

“मंग आपुन काढूत,” आबा म्हणाले. त्यांनी त्या पानांवर हात ठेवला. “त्या एकेकला गयात, तोंड झाकीसन गयात, म्हणीसन हारनात. आपुन जाऊत तर बठ्ठा संगे जाऊत. उघडा तोंडवरी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाळीच्या तोंडाशी उभी राहून पाहिलं. सगळे एका रांगेत गेले, एकाच्याही डोक्यावर घोंगडी नव्हती. दाराशी दोन तास बोलणी झाली. चारऐवजी तीन माग ठरले आणि सगळ्यांना घ्यायचं ठरलं, एक नाव सोडून. माणसं परत फिरायला लागली, तर भाऊजींनीच त्यांना अडवलं. “पोथीचं फळ मोडू नका,” म्हणाले, आणि एकटे घरी आले.

अक्का चुलीपुढे बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुला एक खोटं वाचता आलं नाही?”

आबांनी गव्हाची खळ करून ती आठ पानं चिकटवली आणि फाटकी प्रत मला दिली. जळगावची धड प्रत चाळीत राहिली, तिचा भुर्दंड मी भरला. परतीच्या गाडीत पारोळा कधी गेलं ते कळलंही नाही.

भाऊजी अक्काला घेऊन जळगावला, पिंप्राळ्यात आले आणि पुस्तकबांधणीच्या कामाला लागले. मला ते शेवटपर्यंत कधी टोचून बोलले नाहीत. अक्का मात्र दोन वर्षं बोलली नाही, आणि बोलायला लागल्यावरही त्या दुपारचा विषय तिने कधी काढला नाही. मीही नाही काढला, हिंमतच झाली नाही.

गेल्या थंडीत तिच्याकडे गेले होते. भाऊजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मेहरूणची बोरं समोर होती, अक्काला ती चाववत नाहीत, नुसती हातात घेऊन बसते. एकदम म्हणाली, “शालू, मन्ही पोथी अर्धी ऱ्हायनी शे.”

“कोणती पोथी?”

“केरूनी. मी शिरा करत होती ना घरात. शेवट मी ऐकलाच नाही.”

दुसऱ्या दिवशी ती प्रत घेऊन गेले. खळ पिवळी पडलीय, पण पानं सुटलेली नाहीत. अक्काने खाली लाल ब्लाऊजपीस अंथरलं. मी आठही पानं वाचली. केरू दाराशी पोचला तेव्हा माझा आवाज बदलला, यावेळी खरोखरच. अक्काने हात वर केला नाही. शेवटचं वाक्य झाल्यावर डोळे पुसून म्हणाली, “बरं केलं तू खरं वाचलंस. आता उठ, शिरा कर. साखर कमी टाक, माले डायबेटिस शे.”