हिराकाकूंचे कागद मी जाळले

दिवाळीच्या आधीच्या रविवारी साफसफाईसाठी गावच्या घरी गेलो होतो. मी राहतो विरारला, फुलपाड्यात. आई-बाबा मात्र अजून कळंबच्या वाटेवरच्या आमच्या जुन्या घरात, वाडी सांभाळून आहेत.

मी एका टॅक्स कन्सल्टंटकडे नोकरी करतो. त्यामुळे कुठला कागद किती वर्षं ठेवायचा हे मला तोंडपाठ. लाईट बिल वर्षभर, इन्कम टॅक्सचे कागद आठ वर्षं, घराचे कायमचे... यावर मी इथे एक पोस्टही टाकली होती, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शेअर केली. ती आज काढून टाकली. का, ते सांगतो.

बाबांच्या पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक आहे. उघडली, तर वरच विहिरीच्या मोटारीची वीस-पंचवीस वर्षांची बिलं, तारेत ओवून ठेवलेली. खताच्या पावत्या, कधीच भंगारात गेलेल्या टीव्हीचं वॉरंटी कार्ड... मला हसूच आलं.

बाबा केळी घेऊन बाजारात गेले होते. ते घरी असते तर एक कागद हलवू दिला नसता, म्हणून तेवढ्यात मी सगळं उचललं आणि मागच्या न्हाणीच्या चुलीत घातलं. तळाशी कापडाच्या दुकानाची एक पिशवी होती, आत दोऱ्याने बांधलेला गठ्ठा. तो मी सोडूनसुद्धा पाहिला नाही.

पंधरा दिवसांनी बाबांचा फोन. "ट्रंकेतली पिशवी कुठे ठेवलीस रे? हिराकाकूंचे कागद होते त्यात."

हिराकाकू म्हणजे आमच्या शेजारीण. नवरा गेल्यापासून एकट्याच राहतात. त्यांचं छप्पर गळायचं, म्हणून बारा वर्षांपूर्वी त्यांनी घराचे कागद बाबांकडे ठेवायला दिले होते. जुन्या घरपट्टीच्या पावत्या, आणि धाकट्या दिराने 'माझा वाटा मिळाला, घरावर हक्क नाही' असं सही करून दिलेला कागद. घर अजून सासऱ्यांच्याच नावावर होतं. ते नावावर करायला त्यांना आता हे सगळं हवं होतं.

ती पिशवी मी न उघडताच चुलीत घातली होती. आणि मी म्हणालो, "माळ्यावर असेल, नीट बघा..."

हे लिहितानाही लाज वाटते. कागद जाळले तेव्हा मी नुसता मूर्ख होतो. हे बोललो तेव्हा मला सगळं माहीत होतं.

चार दिवस बाबा शोधत होते. वय चौऱ्याहत्तर. स्टुलावर चढून माळा उपसला, धान्याच्या कोठीमागे पाहिलं. मी रोज फोन करून "सापडलं का?" विचारायचो. पाचव्या दिवशी आईने सांगितलं, "आज सकाळी ते हिराकाकूंकडे गेले होते. माझ्या हातून हरवलं म्हणाले. आल्यापासून जेवले नाहीत."

हाफ डे टाकून निघालो. बाबांना तोंड दाखवायचा धीर नव्हता, म्हणून आधी काकूंकडे गेलो. त्या ओट्यावर कोलंबी सोलत बसल्या होत्या. उभ्या उभ्याच सांगून टाकलं... हरवले नाहीत काकू, मी जाळले.

त्यांचे हात थांबले. मग म्हणाल्या, "तुझ्या बाबाला सांगितलंस?"

मी मान हलवली. नाही.

"आधी त्याला सांग. सकाली येऊन माझ्यासमोर कान पकडून गेला तो. एवढा मोठा मानूस..."

बाबांना सांगितलं. मला वाटलं होतं, ओरडतील. ते फक्त म्हणाले, "माझे जाळले असतेस तर काही वाटलं नसतं रे. ते माझे नव्हते." आणि वाडीत निघून गेले.

मग धावपळ सुरू झाली. घरपट्टीचं काम तसं निभावलं. तीन खेपा घातल्यावर जुन्या ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमध्ये काकूंच्या सासऱ्यांचं नाव सापडलं, उतारे मिळाले. राहिला दिराचा कागद.

दीर राहतात चांदीपला. मी एकटाच जाऊन हात जोडले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सही देतो. पण वहिनीला स्वतः येऊन मागू दे."

वाटणीच्या वेळी यांच्यात फार वाईट बोलणं झालं होतं. तेव्हापासून काकूंनी त्या घराची पायरी चढली नव्हती. मला वाटलं, नाही म्हणतील. पण त्या नवं लुगडं नेसल्या आणि मुकाट माझ्या गाडीत येऊन बसल्या.

दिरांनी त्यांना तासभर अंगणात बसवून ठेवलं. खुर्चीसुद्धा दिली नाही, पाणी विचारलं नाही. मी बोलायला उठलो तर काकूंनी माझा हात धरून खाली बसवलं. शेवटी दीर बाहेर आले, तेव्हा सत्तरीच्या काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भावजी, माझा कागद गेला. परत द्याल का?" कागद कोणी घालवला, ते त्यांनी सांगितलं नाही.

मागच्या आठवड्यात वसईला रीतसर हक्कसोडपत्र रजिस्टर झालं. खर्च मी केला. सगळे म्हणतात, बरंच झालं, आता पक्कं काम झालं...

झालं असेल. पण एवढी वर्षं त्या बाईने कोणापुढे हात पसरला नव्हता. तो पसरायची वेळ मी आणली. आणि चांदीपहून परत येताना गाडीत त्यांनी मला एकच विचारलं, "जेवलास का रे सकालपासून?"