तेरा मात्रांची शांतता

“अजून संपलं नाही! टाळ्या बंद करा!”

ड्रमच्या मागून दादा असे ओरडत, की काचीगुडा स्टेशनात शिरणारी गाडी उलट पावली परत जावी. समोरचे लोक तरीही टाळ्या पिटत.

आमचा बँड प्रोग्रेसिव्ह रॉकचा. म्हणजे काय, ते मला विचारू नका. दादांनीच रचलेल्या आमच्या तेवीस मिनिटांच्या गाण्यात सतरा ताल होते आणि एका जागी मिक्सरमध्ये खोबरं वाटल्याचा आवाज. मी बेस गिटार वाजवायचो आणि मला त्या रचनेची शिसारी यायची. तालमीची खोली लोणच्याच्या गोदामावर. त्यात दादा मिरची भज्यांच्या तेलकट बोटांनी माझ्या गिटारच्या तारा जुळवायचे. आजही तार छेडली की मला करपलेलं तेल आठवतं.

बाराव्या मिनिटाला सगळी वाद्यं थांबत. तेरा मात्रा शांतता. लोक आठव्या मात्रेलाच सुटकेच्या टाळ्या वाजवत आणि निवेदक पुढचा कार्यक्रम पुकारत. दर वेळी. नऊ वर्षं.

“उत्तरार्ध कुणी ऐकलाच नाही मियाँ,” दादा म्हणायचे. “गाणं तर तिथंच आहे. एकदा ऐकू दे, मग मी मोकळा.”

कुकटपल्लीत एका कंपनीच्या स्नेहसंमेलनात दादांनी आधीच हात जोडून सांगितलं, मध्ये थांबू तेव्हा टाळ्या नकोत. आणि काय सांगू, लोकांनी ऐकलं. बाराव्या मिनिटाला आम्ही थांबलो. आठवी मात्रा गेली, नववी गेली. दोन-अडीचशे माणसं श्वास धरून बसलेली. दादांच्या काठ्या हवेत.

अकराव्या मात्रेला मी हात जोडून वाकलो.

दर वेळी टाळ्या सुरू झाल्या की तिथंच वाकायची सवय. मला पाहून कीबोर्डवालाही वाकला. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढची रांग तर उभी राहिली. त्या कौतुकाची आली इतकी किळस मला लोणच्याच्या वासाचीही कधी आली नव्हती.

दादा ओरडले नाहीत. त्यांनी काठ्या पिशवीत घातल्या आणि मागच्या दारानं गेले. ते तालमीला पुन्हा आले नाहीत.

महिन्याभरानं मी फोन केला. म्हटलं, दादा, रविवारी या, फक्त उत्तरार्धच वाजवू, मी शंभर माणसं धरून आणतो, दाराला कुलूप लावतो.

“नक्को,” दादा म्हणाले. “संपलं ना ते.”