दरेकशात नेट येऊन राहिला

गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसले, तेव्हा पर्समध्ये एक पेनड्राइव्ह होता आणि डोक्यात फाजील आत्मविश्वास. दरेकशाचे मडावी गुरुजी कित्येक वर्षं गोंडी शब्दांचा कोश संगणकात उतरवत होते. त्यांच्यासाठी मी पुण्यात बसून एक प्रोग्राम लिहिला होता. पडद्यावर शब्द येणार, गुरुजी तो उच्चारणार आणि त्यांचा आवाज त्या शब्दाला कायमचा जोडला जाणार. घाई होती, कारण खर्र्याने (तंबाखू-सुपारीच्या घोटलेल्या मिश्रणाने) गुरुजींना जिभेचा कर्करोग झाला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने ते ऑपरेशनसाठी नागपूरला निघणार होते. जीभ काढणार होते.

सालेकसा मागे पडलं की धानाच्या बांध्या (भातखाचरं) संपतात आणि रूळ जंगलात शिरतात. स्टेशनवर गुरुजींची सून ललिता आली होती. वाटेत रस्त्याकडेला लांबच लांब चर खणलेला दिसला.

"हा कशासाठी?"

"नेटच्या वायरीसाठी. फोनवर सांगतलं होतं ना तुमाले, नेट येऊन राहिला म्हनून."

मी जागीच थांबले. पुण्यात 'येऊन राहिला' म्हणजे आला आणि मुक्काम ठोकला. इथे त्याचा अर्थ 'येतो आहे'! चर आला होता, वायर यायची होती. मोबाइललाही बोलण्यापुरतीच रेंज होती, नेट नव्हतं.

आता हे समजावून सांगायलाच हवं. पीएचपी या संगणकीय भाषेत प्रोग्राम लिहिणारा सगळं स्वतः लिहीत नाही; दुसऱ्यांनी लिहिलेले तयार भाग, म्हणजे लायब्ररी, वापरतो. कंपोजर नावाचं साधन ते इंटरनेटवरून आणून देतं. एका भागाला आणखी दोन लागतात, त्या दोघांना आणखी चार. एका पाहुण्याला बोलवावं तर तो मेहुण्यांसकट हजर. ललिताच्या त्या एका वाक्यावर विसंबून मी फक्त माझा प्रोग्राम आणला होता. लॅपटॉप ऑफिसचा, तोही घरी राहिला. स्वतःला मारून घ्यावंसं वाटलं.

गुरुजींचा संगणक ढोलीशेजारी (धान्याच्या कणगीशेजारी) होता.

"काऊन बाई, तोंड काऊन उतरलं?" त्यांचे शब्द आत्ताच जड येत होते.

मी सांगितलं, आणि मोबाइलवर आवाज घेऊ म्हटलं.

"नाई. मांगं मोबाइलात बोललो, मोबाइल बोडीत (लहान तळ्यात) पडला, सारं गेलं. आता दोनदा बोलाचा जोर नाई. एकदाच बोलीन, जागच्या जागी."

ललितानं भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण वाढलं. समोर गुरुजी गालाला फडकं लावून पेज पीत होते.

त्यांच्या संगणकावरची पीएचपी जुनी होती. तिची आवृत्ती टिपून घेऊन मी परतीची गाडी पकडली. गोंदियालगतच्या कुडव्यात एका झेरॉक्सच्या दुकानात नेट मिळालं. त्या जुन्या आवृत्तीला चालतील असेच सगळे भाग मी उतरवायला लावले.

"इतना टाइम? कोई पिक्चर है क्या, मॅडम?" दुकानदारानं विचारलं.

"नहीं भैया, डिक्शनरी का सामान है," मी म्हणाले. तो हसला. मला हसू आलं नाही.

सकाळच्या गाडीने पुन्हा दरेकसा. बारीकसारीक हजारो फायली त्या म्हाताऱ्या संगणकात उतरेपर्यंत जीव टांगणीला लागला. दुपारी प्रोग्राम उघडला तेव्हा मी चक्क टाळी वाजवली. गुरुजींनी माइक हातात घेतला.

पहिला शब्द आला: येर (पाणी).

"हा राहू दे. हा साऱ्याइले येते. शेवटी बोलू."

मग रोन (घर). तोही मागे ठेवला. ते वेचून वेचून शब्द घेत होते: मासोळ्यांची नावं, वेलींची, जंगलातल्या सात्यांची (अळंब्यांची), आता कुणी न लावणाऱ्या धानांची. एक शब्द, मग फडकं, मग दुसरा शब्द. फडकं लाल होत गेलं.

"बस करा ना, मामाजी. रक्त येऊन राहिलं," ललिता रडकुंडीला आली. त्यांनी हातानेच तिला गप्प केलं. गाडीची वेळ झाली तेव्हा सोपे शब्द तसेच राहिले होते.

ऑपरेशननंतर, पुण्याला परतण्याआधी, मी नागपूरच्या दवाखान्यात गेले. गुरुजींच्या नाकात नळी होती. त्यांनी अंगठा ओठांशी नेला, पुन्हा नेला.

"पानी मांगून राहिले," ललिता म्हणाली. "डॉक्टर तोंडानं देऊ नका म्हन्ते."

गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. मी मान खाली घातली.

पुण्यात माझ्या घरी नेट रात्रंदिवस असतं. परतल्यावर कोशाची प्रत उघडून मी 'येर' शोधला. शब्द होता, अर्थ होता. आवाजाचं बटण दाबलं, पण काहीच ऐकू आलं नाही. जगात कुठे कुठे ठेवलेले तेवढे सगळे भाग मी एका संध्याकाळी कुडव्यात उतरवून घेतले होते. गुरुजींच्या आवाजातला हा एक शब्द आता कुठूनही उतरवता येणार नाही.