बिजागरी तुटलेला लॅपटॉप

सुभेदार नानासो घाडगे यांनी सव्वीस वर्षांच्या नोकरीत सरकारची एकही वस्तू सांडली नव्हती, हरवली नव्हती, मोडली नव्हती. हा लौकिक त्यांनी १९९९ च्या फेब्रुवारीत, निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, रहिमतपुरात आक्काताई खरात यांच्या फोटो स्टुडिओच्या काउंटरवर एका कपात घालवला.

कप चहाचा होता, आणि नुसता चहा सांडला असता तर अपघात म्हणून खपून गेलं असतं. पण चहा काउंटरवर ठेवलेल्या एका जुन्या फोटोवर गेला आणि नानासोंच्या अंगातली शिस्त जागी झाली. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि टेबल पुसावं तसा फोटो पुसला. दोनदा, चांगला दाबून. टॉवेल उचलला तेव्हा फोटोतल्या माणसाचा डावा डोळा, डावा गाल आणि डावी मिशी टॉवेलला आली होती.

आतल्या खोलीतून आक्काताई आल्या. त्यांनी आधी फोटोकडं बघितलं, मग टॉवेलकडं, आणि सगळ्यात शेवटी नानासोंकडं.

"सुभेदार, पुसलं कशाला?"

"ओलं झालं हुतं म्हणून."

"ओलं हुतं तर वाळलं असतं की."

नानासो लष्करी शिस्तीत टॉवेलाची घडी घालायला लागले. आक्काताईंनी ती घडी त्यांच्या हातून काढून घेतली, कारण त्या घडीत माणूस होता.

माणसाचं नाव ज्ञानू. वडूजच्या अलीकडं एका वाडीत त्याचं घर. तो जाऊन अठरा वर्षं झाली, तेव्हा त्याची धाकटी लेक क्रांती चार महिन्यांची होती. आता पंधरा दिवसांवर तिचं लग्न होतं, आणि मांडवात बापाचा मोठा फोटो लागावा एवढा एकच हट्ट तिनं धरला होता. घरात ज्ञानूचा फोटो एकच, आणि तो तिच्या आईनं, लीलाबाईंनी, भिंतीवरून काढून, पदरात गुंडाळून, शेजाऱ्याच्या हाती आक्काताईंकडं धाडला होता. मुलीनं बापाला बघितलं होतं ते तेवढंच.

आक्काताईंचं काम लोकांना कधी नीट कळलं नाही. त्यांचे यजमान आप्पासाहेब फोटो काढत, ते सगळ्यांना दिसे. लग्नात पुढं उभं राहून "मान वर, मान वर" म्हणणारा माणूस गावाला पाठ असतो. आक्काताई आत बसून निगेटिव्हवर पेन्सिल चालवत. पेन्सिलीला टोक असं, की सुईनं लाजावं. मुरमं जात, डाग जात, डोळ्याखालची जाग्रणं जात. हे त्या सोळाव्या वर्षी मिरजेत शिकल्या. वडील तिथल्या दवाखान्यात तीन महिने पडून होते आणि समोरच्या स्टुडिओच्या खिडकीत एक म्हातारे रिटचर काम करीत बसत. पोरगी रोज खिडकीशी उभी राहते म्हणून त्यांनी वैतागून हातात एक पेन्सिल दिली. वडील बरे होऊन घरी आले तेव्हा पेन्सिल बरोबर आली, ती अजून गेली नव्हती. वस्तीतल्या निम्म्या घरांतल्या बाबासाहेबांच्या तसबिरी त्यांनीच स्वच्छ करून मढवलेल्या होत्या.

या धंद्यामुळं त्यांची ओळख ठेवायची पद्धत जरा वेगळी झाली होती. बाजारात एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाला पाहून त्या सहज म्हणत, "ह्येंच्या गालावरचे तीन खड्डे मी बुजवलेत." गृहस्थ त्यानंतर वांग्याचा भाव न करता निघून जात.

त्यांचा नियम एकच होता: रंगाला हात लावायचा नाही. मुरूम पाहुणा असतो, तो काढायचा. रंग घरचा असतो, तो ठेवायचा. नवरीला जरा उजळ करा म्हणणाऱ्या कितीतरी आया त्यांनी फोटोसकट परत पाठवल्या होत्या. आप्पासाहेब हळहळत, पण आत जाऊन बोलायची त्यांची हिंमत नव्हती.

त्या संध्याकाळी आक्काताईंनी उरलेल्या ज्ञानूचा कॅमेऱ्यानं फोटो काढला आणि निगेटिव्ह मिरजेच्या लॅबला पाठवून त्याची सीडी करायला सांगितली. गेल्या वर्षी सहा महिने दर शनिवारी त्या लॅबमध्ये जाऊन कंप्युटरवर डाग काढायला शिकल्या होत्या. मशिनसाठी पैसेही बाजूला टाकत होत्या.

"आता घ्यायचंच," त्या म्हणाल्या. "लॅपटॉप."

गुन्हेगार या नात्यानं नानासो रोज सकाळी हजर होतच होते. लॅपटॉप म्हटल्यावर त्यांना एकदम बढती मिळाल्यासारखं झालं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्यांच्या ऑफिसात एक कंप्युटर आला होता. त्याला हात लावायची परवानगी एका साहेबालाच होती, पण संध्याकाळी त्याच्यावर कापडी खोळ घालायची जबाबदारी नानासोंची होती. त्यामुळं रहिमतपुरात त्यांच्याइतका कंप्युटर जवळून पाहिलेला माणूस नव्हता.

"लॅपटॉप नको," ते म्हणाले. "निम्म्या पैशात टेबलावरचा मोठा येतो. ऐसपैस. त्याला खोळ बी चांगली बसती."

"लीलाबाईचा पाय मोडलाय. ती बाजेवरनं उठत न्हाई. ज्ञानूचा डावा गाल कसा हुता ते रहिमतपुरात कुणाला ठाव हाय?"

नानासोंनी खोळीचा विषय आवरता घेतला.

"ती सांगल तसं तिच्यापुढं बसून करायचं. आन् ह्यापुढं कुणाचा एकुलता फोटो घरातनं उचलून आणायचा न्हाई. आपणच मशिन घेऊन जायाचं. बाकी वेळंला बिलं, लग्नपत्रिका, सोसायटीची पत्रं, सगळं त्याच्यावरच."

शनिवारी दोघं सकाळच्या पॅसेंजरनं सांगलीला निघाले. आप्पासाहेबांची लग्नाची ऑर्डर होती. नानासोंनी डायरीत अकरा मुद्दे काढले होते. पहिला 'मजबुती', दुसरा 'वजन', अकरावा 'इतर'. कऱ्हाड यायच्या आत त्यांनी ते दोनदा वाचून दाखवले. आक्काताई खिडकीबाहेर बघत होत्या.

दुकानाचा मालक वीरधवल हा तिशीतला, टाय बांधणारा मुलगा होता. त्या उन्हात टाय बांधलाय म्हणजे मशिन महाग असणार, असं नानासोंनी कानात सांगितलं. वीरधवलनं आधी एक कोरा लॅपटॉप उघडला. किंमत ऐकून आक्काताई म्हणाल्या, "मिटवा."

मग त्यानं वापरलेला पण चकचकीत असा दुसरा आणला. "मॅडम, हा बघा. स्पीड जास्त, दोन स्पीकर, सीडी आतच. आणि तुमच्या बजेटमध्ये."

नानासोंनी डायरी काढून बरोबरच्या खुणा करायला सुरुवात केली. मजबुती, आहे. वजन, आहे. स्पीकर त्यांच्या यादीत नव्हते, ते त्यांनी 'इतर'मध्ये घेतले. "आक्काताई, ह्योच. अकराच्या अकरा."

आक्काताईंनी पिशवीतून सीडी काढली आणि ज्ञानू पडद्यावर आणला. अर्ध्या तोंडाचा, पण रुबाबदार. त्या समोरून उठल्या आणि म्हणाल्या, "सुभेदार, हितं बसा. काय दिसतंय?"

"ज्ञानू."

"उठा. आता?"

"जरा काळा झाला की."

"आता खाली बसा. उकिडवं."

भर दुकानात सुभेदार उकिडवे बसले. "आता गोरा झाला. लयच गोरा. इंग्रजागत."

"आता तिकडं, कडेला जावा."

नानासो कडेला गेले, मान वाकडी करून बघितलं. मग म्हणाले, "आता न्हाईच."

वीरधवल हसला. "मॅडम, हे असं बघायचं नसतं. समोर बसायचं. एक माणूस, एक स्क्रीन."

"आमच्याकडं फोटो बघायला एक माणूस कवाच येत न्हाई," आक्काताई म्हणाल्या. "एक मधी बसतो, चार मागं उभं राहत्यात, दोघं कडंनं माना घालत्यात. प्रत्येकाला येगळा बाप दिसला तर मी कुणाचं ऐकू? आन् ह्याच्यात खरा रंग कंचा, ते मला तरी कसं कळायचं?"

वीरधवलनं टाय सैल केला. आक्काताईंनी तोवर मागच्या फळीवर नजर टाकली होती. तिथं एक काळा, जाडजूड लॅपटॉप दोरीनं बांधून ठेवला होता.

"त्यो?"

"तो दाखवायचा नाही मॅडम. एका कंपनीतून आलाय. बिजागरी तुटलीय, एक बटण नाही, बॅटरी पंधरा-वीस मिनिटं चालते. सीडी बाहेरून वायरीनं जोडावी लागते. स्क्रीन मात्र त्या वेळची भारीतली आहे."

"दोरी सोडा."

त्या पडद्यावर ज्ञानू आला. नानासो न सांगताच उठले, उकिडवे बसले, कडेला गेले. ज्ञानू होता तसाच राहिला. सावळा, कपाळावर उन्हाची एक रेघ, उरलेल्या एका डोळ्यानं रोखून बघणारा. आक्काताई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या, चष्मा वर केला, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत करड्या रंगाच्या गडद-फिकट पायऱ्या बोटानं हवेतच मोजल्या. सगळ्या होत्या.

नानासोंना मात्र आपलं कर्तव्य सोडणं शक्य नव्हतं. त्यांनी डायरीत सात ठिकाणी फुल्या मारल्या. "हे नको. माझं ऐका. मोडकं ते मोडकं. माझ्या हातात असतं तर गेटच्या आत आलं नसतं."

"मेमरी किती हाय?" आक्काताईंनी वीरधवलला विचारलं.

"बत्तीस."

"दुप्पट करून द्या. फोटोच्या कामाला स्पीडपरीस मेमरी लागती. एखांदं मिनिट थांबायला मला येतं, मशिननं मधीच अडून बसायला नको. बिजागरी तुमी नका बघू, चौकटी जोडायचे स्क्रू हायेत माझ्याकडं."

तासाभरानं दोघं बाहेर आले तेव्हा पिशवी आक्काताईंच्या खांद्यावर होती आणि सीडीच्या वायरी नानासोंच्या गळ्यात. चहा घ्यायचा का, असं नानासोंनी विचारलं. आक्काताईंनी लॅपटॉपची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि म्हणाल्या, "तुमी घ्या. मी हितं लांब उभी राहते."

पुढचे चार दिवस आक्काताई ज्ञानूबरोबर होत्या. उजवी बाजू शाबूत होती. ती उलटी करून डावीकडं बसवली, सांधा मिटवला, तेव्हा पडद्यावर असा देखणा माणूस उभा राहिला की आप्पासाहेब म्हणाले, "आता छापूनच टाक." लग्नाला आठ दिवस उरले होते. आक्काताई म्हणाल्या, "जिचा हाय तिला इचारल्याबिगर न्हाई."

नानासोंना घेऊन त्या वाडीत पोचल्या तेव्हा लीलाबाई सोप्यात बाजेवर होत्या, पाय प्लास्टरात. उशाशी क्रांती. लॅपटॉप आलाय हे कळून सात-आठ बायका आधीच जमल्या होत्या. आक्काताईंनी आधी खरं ते सांगितलं. "वहिनी, आमच्या दुकानात फोटोवर चहा सांडला."

नानासो पुढं झाले. टाचा जुळवल्या. "चहा माझा हुता. पुसलं बी मीच."

लीलाबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "पुसलं कशाला?"

हा प्रश्न आता नानासोंना झोपेतही ऐकू येत असे. ते दाराशी जाऊन उभे राहिले.

पडदा उघडला. बायकांच्या माना सगळ्या बाजूंनी आत आल्या. लीलाबाईंनी बाजेवरून पडल्या पडल्या बघितलं आणि मान हलवली.

"ह्ये न्हवं ते. ह्यो कुणीतर साहेब हाय."

क्रांतीचा चेहरा उतरला. तिला तर तो साहेब आवडला होता.

"काय चुकलं, वहिनी?"

"काय चुकलं ते मला कसं सांगता यील? ते न्हवं एवढं कळतंय."

आणि तेवढ्यात लाईट गेली. मशिन बॅटरीवर चालू राहिलं. नानासोंनी घड्याळ लावलं. बाराव्या मिनिटाला पडदा काळा झाला. वीरधवलनं पंधरा-वीस सांगितली होती. नानासोंनी घड्याळ आक्काताईंपुढं धरलं.

लाईट दोन तासांनी आली. तोवर करायला काही नव्हतं म्हणून चहा झाला. नानासोंचा कप आक्काताईंनी स्वतः अंगणात नेऊन दिला. मग शेंगा आल्या, आणि शेंगा फोडताना लीलाबाई बोलायला लागल्या. कुठं कामाला जायचे, किती जेवायचे, भांडायचे कसे. पडदा समोर नव्हता, तेव्हा माणूस सोपा झाला. "आरसा नखाएवढा," त्या म्हणाल्या. "फुटका तुकडा, खांबाला चिकटवल्याला. त्यात उजवीकडलं तेवढं दिसायचं. डावी मिशी अंदाजानं कापायचे. कायम आखूड. मी हसायची, तर म्हणायचे, ही बाजू तुझ्यासाठी, ती गावासाठी."

"आखूड किती?" आक्काताईंनी शेंग खाली ठेवली.

"तांदळाएवढी. आन् ह्या भुवईत खाच. खोंडानं शिंग मारल्यालं."

लाईट आली. मशिन सुरू झालं. आक्काताईंनी मिशी तांदळाएवढी कमी केली. भुवईत खाच पाडली. "जरा खाली," लीलाबाई म्हणाल्या. "आणि गाल जरा आत. त्यो साहेबाचा गाल हाय." गाल आत गेला. क्रांती हळूच म्हणाली, "मावशी, मांडवात लावायचाय, जरा उजळ करा की."

"रंगाला मी हात लावत न्हाई."

"आवं, थोडाच."

"नगं," लीलाबाई बाजेवरून म्हणाल्या. "काळंच हुते. तसंच ऱ्हाऊ दे."

डोळा राहिला होता. आक्काताईंनी पापणी केसाएवढी खाली आणली आणि हात बाजूला घेतला. कडेनं माना घातलेल्या बायका मागं सरकल्या. लीलाबाईंनी बघितलं, आणि मग सहज, सवयीनं, डोक्यावरून सरकलेला पदर पुढं ओढून नीट केला. क्रांती आईकडं बघत होती. तिनं आईला असं कधी करताना पाहिलं नव्हतं. मग तिनं पडद्याकडं बघितलं, आणि खुर्ची ओढून बापासमोर बसली.

परतीच्या एसटीत आक्काताईंनी पिशवी मांडीवर घेतली होती. उद्या मशिन मिरजेला न्यायचं, फोटो छापून घ्यायचा, परवा वाडीत पोचवायचा. नानासो वायरी सांभाळत शेजारी बसले होते. पुसेगाव मागं पडलं तसा त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडला की त्यांना सल्ल्याची आठवण येत असे.

"काय बी म्हणा आक्काताई," ते म्हणाले, "मशिन निवडायला संगं माणूस जाणता लागतो. मी नसतो तर तुमी ह्योच घेतला असता व्हय?"

आक्काताईंनी खिडकीतून नजर काढली नाही.

"तुमी 'नको' म्हणलासा, तवाच माझं ठरलं."