मारत न्हवता

मॅडम म्हणाली, "ही साडी नको. एखादी जुनी, विटलेली नाही का तुमच्याकडे?"

नाताळचा कार्यक्रम म्हणून मी कारेगावहून चांगली साडी नेसून आले होते. दौंडजवळच्या मिशनच्या व्यसनमुक्ती केंद्रात माझा नवरा पावसाळ्यापासून राहत होता. उपचार फुकट.

फुकट म्हटल्यावर मी आधीच बिचकले होते. सासू म्हणायची, "धर्म बदलाय लावत्याल बघ." रविवारी भेटायला गेले की मी कान टवकारून बसायचे. प्रार्थना चालायची, नवरा मागं बसायचा. केंद्र चालवणारे पास्टर मामा कधी म्हणाले नाहीत, देव बदल. नवऱ्याच्या हाताचं थरथरणं थांबलं. तो पोटभर जेवायला लागला. तरी मला वाटायचं, ही माणसं काहीतरी मागणार. कधी, एवढंच बघायचं.

डिसेंबरात मागितलं.

मॅडम पुण्याची. केंद्राच्या कमिटीवरची. वर्ष संपताना मोठी माणसं देणग्या देतात, त्यांना पाठवायला व्हिडिओ करायचा होता. खुर्ची होती, ती बाजूला सारून मला फरशीवर बसवलं.

"पदर घ्या डोक्यावरून. आता सांगा, तो तुम्हाला कसा मारायचा."

"मारत न्हवता."

"घाबरू नका."

"घाबरत न्हाई. लई प्यायचा. कंपनीनं काढून टाकलं. पोरीच्या शाळेत पिऊन गेला, तवापासून ती शाळेत जायला तयार न्हाई. पन हात न्हाई उचलला कवा."

मॅडमनं कॅमेरावाल्याकडं बघून मान हलवली. मग मला समजावल्यासारखं म्हणाली, "लोकांच्या काळजाला भिडलं पाहिजे ना. आणि तुमच्यात तर हे घरोघरी असतंच."

तुमच्यात.

नवरा कडेला उभा होता. जवळ येऊन वाकला. हळू म्हणाला, "म्हन की मारायचा. ह्यांनी जगवलंय मला. माझं काय जातंय?"

दारू सुटल्यापासून त्याची मान वर झाली होती. आता परत खाली. पिऊन आल्यावर असायची तशी.

पोरगी आठवली. उद्या तिनं हा व्हिडिओ मोबाईलवर बघितला तर? बापानं मारलं नाही हे तिनं डोळ्यांनी बघितलंय. मग तिनं कुणाला खोटं म्हणायचं, आईला का स्वतःच्या डोळ्यांना?

मी उठले. खुर्ची ओढली. तिच्यावर बसले.

"घ्या. खरं हाय तेवढं सांगते."

कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली घेतला. मॅडम म्हणाली, "इतकं करतो आम्ही यांच्यासाठी." मला नाही, भिंतीला म्हणाली.

दाराशी उभ्या असलेल्या पास्टर मामांना मी सरळ विचारलं, "आता ह्यांना काढनार का तुमी?"

"न्हाई हो, तसं काय न्हाई," ते म्हणाले. म्हणताना मॅडमकडं बघत होते.

नवरा अजून तिथंच आहे. त्यांचे उपकार मी मानते. विश्वास ठेवत नाही. काढलं तर दुसरीकडं नेईन, सरकारी दवाखान्याच्या पायऱ्या झिजवीन. पण खोटं बोलून त्याला तिथं ठेवणार नाही.

मागच्या रविवारी गेटवर एक नवी बाई दिसली. इनामगावची. नवऱ्याला भरती करायला आलेली, रडून डोळे सुजलेले. तिला बाजूला घेतलं.

म्हणलं, "उपचार घे. जेवान घे. तोंड भाड्यानं देऊ नगं."

मागं पास्टर मामा उभे होते. त्यांनी ऐकलं.

ऐकू दे.